राजाचें मौन आणि राजाची सही

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी हीं नांवें महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना परकीं नाहींत. मॅझिनीच्या आत्मचरित्राचें व राजकीय लेखांचें सावरकरांनीं केलेलें मराठी भाषांतर १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि परदास्यांत पिचलेल्या, तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या एका राष्ट्रानें आपलें स्वातंत्र्य कसें मिळविलें ही हकीकत येथील तरुणांनीं मोठ्या उत्कंठेनें वाचली. इटलीचा तो उदय जितका प्रसिद्ध आहे, तितकाच अर्धशतकानंतर झालेला त्याच इटलीचा अधःपातही प्रसिद्ध आहे. त्या अधःपाताचें सारें खापर बहुधा मुसोलिनी या एका माणसाच्या माथ्यावर फोडण्यांत येतें, आणि तें अन्यायाचें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या सर्व काळांत कायद्यानें मुसोलिनीहून श्रेष्ठ असा आणखी एक माणूस रोमच्या क्विरिनाल राजवाड्यांत बसलेला होता. राज्याचा प्रमुख तो होता. मुसोलिनी केवळ त्याचा प्रधान. त्या राजाविषयीं फारसें बोललें जात नाहीं, कारण तो स्वतःच फारसें बोलला नाहीं. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलची कहाणी ही अशा न बोलण्याची, आणि तें न बोलणें एका राष्ट्राला किती महाग पडलें याची कहाणी आहे.

हा राजा मूर्ख नव्हता, विलासी नव्हता आणि स्वभावानें क्रूरही नव्हता; म्हणूनच त्याचें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. त्याचा जन्म १८६९ सालीं नेपल्स येथें झाला. उंचीनें तो जेमतेम पांच फूट होता. २९ जुलै १९०० रोजीं त्याचा बाप राजा उम्बेर्तो हा मोंत्सा येथें एका अराजकवाद्याच्या गोळीला बळी पडला आणि वयाच्या तिसाव्या वर्षीं राजमुकुट या अबोल तरुणाच्या डोक्यावर आला. त्याची राहणी साधी होती, वागण्यांत शिस्त होती, आणि त्याला एकच मोठा नाद होता, तो म्हणजे जुन्या नाण्यांचा. इटलींत पाडलेलीं एक लाखाहून अधिक नाणीं त्यानें जमविलीं आणि त्यांची वर्णनात्मक सूचि वीस जाड खंडांत प्रसिद्ध केली. त्याच्या राज्याच्या पहिल्या काळांत देशाचें पाऊल पुढें पडत होतें. १९१२ सालीं मताधिकार जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मिळाला. व्हीतो व्होल्तेरा या थोर ज्यू गणितज्ञाला राजानें १९०५ सालीं सीनेटचा सभासद नेमलें. १९१० सालीं लुईजी लुत्सात्ती हा ज्यू गृहस्थ त्याचा प्रधानमंत्री झाला. माणसाचा धर्म पाहून त्याला दूर ठेवण्याची रीत या राजाच्या दरबारीं तोंवर नव्हती.

हें औदार्य त्याच्या घराण्यांत वारशानें आलेलें होतें. त्याचा पणजोबा चार्ल्स आल्बर्ट यानें १८४८ सालीं आपल्या पीडमाँट संस्थानाला एक लिखित राज्यघटना दिली, आणि त्याच वर्षीं तेथील ज्यू प्रजेला समान नागरिकत्वाचे हक्क दिले. हीच घटना पुढें एकसंध झालेल्या इटलीची घटना झाली. तिचें चोविसावें कलम असें होतें कीं, दर्जा किंवा पदवी कोणतीही असो, सर्व प्रजाजन कायद्यापुढें समान आहेत. त्याच घटनेनें राजाच्या हातांत मोठी सत्ता ठेविली होती. कार्यकारी सत्ता राजाची. सैन्याचें आधिपत्य राजाकडे. मंत्री नेमावयाचे आणि काढावयाचे ते राजानें. आणि राजाच्या संमतीवांचून कोणताही कायदा अमलांत यावयाचा नाहीं. न्यायदेखील राजाच्या नांवानें दिला जात असे. तेव्हां राजाचे हात बांधलेले होते, असें निदान कागदावर तरी म्हणतां येत नाहीं.

केवळ कागदावर नव्हे, व्यवहारांतही तसें म्हणतां येत नाहीं. १९१५ च्या मे महिन्यांत इटलीनें महायुद्धांत पडावें कीं नाहीं असा वाद माजला. पार्लमेंटांतील बहुसंख्य सभासद वृद्ध मुत्सद्दी ज्योलित्ती याच्या मागें, म्हणजे तटस्थतेच्या बाजूला होते. युद्धवादी प्रधान सालान्द्रा यानें राजीनामा दिला; पण राजानें तो स्वीकारला नाहीं, त्यालाच परत पदावर ठेविलें, आणि पार्लमेंटला मान तुकवावी लागली. त्या युद्धांत इटलीचे सुमारें सहा लाख सैनिक मृत्यु पावले. तो निर्णय योग्य होता कीं अयोग्य, हा प्रश्न वेगळा. येथें लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, मनांत आणल्यास हा मितभाषी राजा बहुमताच्याही आड उभा राहूं शकत होता.

युद्ध जिंकूनही इटली कंगाल झाली. लढाईवरून परतलेल्या शेतकऱ्याला जमीन हवी होती, कामगाराला भाकर हवी होती. पो नदीच्या सुपीक खोऱ्यांत शेतमजुरांचे संघ जमीनदारांशीं मजुरीसाठीं झगडत होते. हे प्रश्न साऱ्या राष्ट्राचे होते आणि ते न्यायानें सुटावयास हवे होते. त्याऐवजीं काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट टोळ्या पुढें सरसावल्या. जमीनदारांच्या पैशावर पोसलेल्या या टोळ्या रात्रीं मोटार-लॉऱ्यांतून गांवांत शिरत, मजुरसंघांच्या कचेऱ्या जाळीत, त्यांच्या पुढाऱ्यांना घरांतून ओढून काढून झोडपीत आणि पुष्कळदां त्यांच्या घशांत एरंडेल ओतीत. पोलीस बहुधा डोळेझांक करीत. हा प्रकार दोन वर्षें चालला. ज्याच्या नांवानें पोलीस पहारा देत होते आणि न्यायाधीश निकाल देत होते, त्या राजाच्या तोंडून त्या गरीब मजुरांसाठीं एकही जाहीर शब्द निघाला नाहीं.

मग १९२२ चा ऑक्टोबर उजाडला. फॅसिस्टांनीं रोमवर चाल करण्याची घोषणा केली आणि पंचवीस-तीस हजार लोक, कांहींजवळ बंदुका तर कांहींजवळ नुसते सोटे, पावसांत भिजत राजधानीच्या वाटेला लागले. रोमचें रक्षण करण्यासाठीं जनरल पुल्येझे याच्या हाताखालीं शिस्तीचें सैन्य सज्ज होतें. प्रधानमंत्री फाक्ता यानें लष्करी कायदा पुकारण्याचा हुकूम मंत्रिमंडळाकडून मंजूर करून घेतला आणि २८ ऑक्टोबर रोजीं सकाळीं तो राजापुढें सहीसाठीं ठेविला. राजानें सही करण्याचें नाकारलें. फाक्तानें राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशीं मिलान येथें बसलेल्या मुसोलिनीला मंत्रिमंडळ बनविण्याचें आमंत्रण गेलें. तो ३० तारखेला रोममध्यें आला, तो रणांगणावरून नव्हे, तर आगगाडींतून. रोमचा दरवाजा कोणीं फोडला नव्हता. तो आंतूनच उघडला गेला.

राजानें असें कां केलें याचीं कारणें इतिहासकारांनीं पुष्कळ शोधलीं आहेत. त्याला यादवी युद्धाचें भय वाटत होतें. सैन्य आपल्या हुकुमाप्रमाणें गोळी झाडील कीं नाहीं, अशी शंका होती. फॅसिस्टांना अनुकूल असलेला आपला चुलतभाऊ, आओस्ताचा ड्यूक, आपल्या जागीं बसेल ही धास्ती होती. आणि समाजवाद्यांपेक्षां हे बरे, असें दरबारांतील आणि बाजारांतील पुष्कळ वजनदार माणसें सांगत होतीं. त्या एका सकाळची चूक या कारणांनीं कदाचित् समजून घेतां येईल. परंतु हीच चूक तो पुढें वीस वर्षें करीत राहिला.

१९२४ च्या एप्रिलमध्यें निवडणुका झाल्या त्या धाकदपटशाच्या वातावरणांत. ३० मे रोजीं समाजवादी सभासद ज्याकोमो मातेओत्ती यानें पार्लमेंटांत उभें राहून, आरडाओरड आणि धमक्या यांना न जुमानतां, मतदारांवर झालेल्या जुलुमाचा पाढा वाचला आणि त्या निवडणुका रद्द कराव्या अशी मागणी केली. १० जून रोजीं भरदिवसां, टायबर नदीच्या कांठीं, कांहीं लोकांनीं त्याला मोटारींत कोंबून पळविलें. त्याचें प्रेत सापडलें तें १६ ऑगस्टला, रोमबाहेरच्या एका रानांत. मारेकऱ्यांचे धागेदोरे मुसोलिनीच्या अगदीं निकटच्या माणसांपर्यंत पोंचत होते. साऱ्या देशांत संतापाची लाट उसळली. क्षणभर असें वाटलें कीं, हें सरकार आतां टिकत नाहीं.

विरोधी पक्षांचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं आपली सर्व आशा राजावर ठेविली. उदारमतवादी पुढारी जोव्हान्नी आमेन्दोला आणि त्याचे सहकारी हे कायद्याला मानणारे गृहस्थ होते. रस्त्यावर दंगा करण्यापेक्षां राज्याच्या प्रमुखापुढें पुरावा ठेवावा, मग तो आपलें कर्तव्य करील, अशी त्यांची श्रद्धा होती. पुरावे राजवाड्यापर्यंत पोंचले. राजानें कांहीं केलें नाहीं. आपण आंधळे आणि बहिरे आहों, आपले डोळे आणि कान म्हणजे पार्लमेंटचीं दोन सभागृहें, अशा अर्थाचें एक उत्तर त्याच्या नांवावर सांगितलें जातें. ज्या सभागृहांतील एका सभासदाचा खून झाला होता आणि ज्यांतून विरोधी पक्ष निघून गेला होता, त्याच सभागृहाच्या डोळ्यांनीं पाहण्याचें त्यानें ठरविलें होतें. ३ जानेवारी १९२५ रोजीं मुसोलिनीनें त्याच सभागृहांत, जें कांहीं घडलें त्याची सर्व जबाबदारी आपली आहे, असें उघड सांगितलें. आव्हान राजालाच होतें. राजवाड्यांतून उत्तर आलें नाहीं. त्याच वर्षीं जुलैमध्यें फॅसिस्टांनीं आमेन्दोलाला निर्घृणपणें मारहाण केली आणि १९२६ च्या एप्रिलमध्यें तो परदेशांत मरण पावला.

यानंतर मौनाला सहीची जोड मिळाली. १९२५ आणि १९२६ या दोन वर्षांत विरोधी पक्ष बंद करण्यांत आले, वृत्तपत्रांचें तोंड बांधण्यांत आलें, पार्लमेंटांतील विरोधी सभासदांच्या जागा रद्द झाल्या आणि राजकीय गुन्ह्यांसाठीं खास न्यायासन निर्माण झालें. यांतील प्रत्येक कायद्याला राजाची संमति लागत होती आणि प्रत्येक वेळीं ती मिळाली. पणजोबानें दिलेली घटना कधींच रद्द झाली नाहीं. ती तशीच राहिली, आणि तिच्या कलमांवर एकामागून एक सह्या पडत गेल्या.

१९३१ सालीं विद्यापीठांतील प्राध्यापकांनीं राजाशीं आणि फॅसिस्ट राजवटीशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. सुमारें बाराशें प्राध्यापकांपैकीं नकार देणारे जेमतेम बाराजण निघाले. व्हीतो व्होल्तेरा हा त्यांतील एक होता. राजाविरुद्ध त्याची कांहीं तक्रार नव्हती. राजानेंच त्याला सीनेटमध्यें बसविलें होतें. पण राजाच्या नांवाला जोडलेलें दुसरें नांव उच्चारण्यास त्याची जीभ तयार झाली नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या या गणितज्ञाची प्राध्यापकी गेली, आणि पुढें विद्वत्सभांतील स्थानही गेलें. या बाराजणांच्या हातीं सैन्य नव्हतें, सत्ता नव्हती. नोकरीशिवाय गमावण्यासारखेंही दुसरें फारसें नव्हतें, आणि तीच त्यांनीं गमावली. ज्याच्या एका शब्दाला सैन्याचा आधार होता, तो मात्र गप्प होता.

राजाला बोलतांच येत नव्हतें, असा समज यावरून होण्याचा संभव आहे. तो खरा नाहीं. १९३६ च्या मे महिन्यांत, विषारी वायूचा उपयोग करून जिंकलेल्या ॲबिसिनियाचा सम्राट् ही पदवी त्यानें धारण केली, तेव्हां त्याला बोलण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं. परंतु १९३८ च्या मार्चमध्यें पार्लमेंटनें राजा आणि मुसोलिनी या दोघांना एकच सर्वोच्च लष्करी पदवी देणारा कायदा संमत केला, तेव्हां हा शांत माणूस संतापला. आपला प्रधान आपल्या बरोबरीला आणून बसविला, हा राजपदाचा अपमान आहे, असें त्यानें मुसोलिनीला तोंडावर ऐकविलें. मुसोलिनीनें स्वतःच तें पुढें लिहून ठेविलें आहे. म्हणजे राजाला राग येत होता, आणि तो बोलून दाखविण्याइतकें धैर्यही त्याच्या अंगीं होतें. फक्त तो राग स्वतःच्या मानासाठीं राखून ठेवलेला होता.

त्याच वर्षीं या गोष्टीची कसोटी लागली. इटलींत त्या वेळीं ज्यू लोक सुमारें सत्तेचाळीस हजार होते. म्हणजे हजार माणसांत जेमतेम एक. ते इटालियन बोलत, इटलीच्या युद्धांत लढले होते आणि देशाच्या एकीकरणांत त्यांच्या वाडवडिलांनीं भाग घेतला होता. ऑगस्टमध्यें त्यांची स्वतंत्र शिरगणती करण्यांत आली. ५ सप्टेंबर १९३८ रोजीं पीसाजवळच्या सान रोस्सोरे येथील राजाच्या इस्टेटींतून एक फर्मान निघालें. त्यावर राजाची सही होती. त्या फर्मानानें ज्यू शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सरकारी शाळांबाहेर काढलें. १७ नोव्हेंबरला दुसरें, अधिक कठोर फर्मान निघालें. ज्यू आणि तथाकथित ‘आर्य’ यांच्या विवाहाला बंदी झाली. सरकारी नोकऱ्या गेल्या. शंभर अगर अधिक नोकर असलेले कारखाने आणि ठराविक मर्यादेपलीकडील जमिनी व इमारती ज्यूंच्या हातीं राहणार नाहींत, असें ठरलें. ज्याच्या गणितावांचून आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद मांडणें अवघड झालें असतें, तो तुल्यो लेव्ही-चिव्हिता आपल्या अध्यासनावरून दूर झाला. एन्रिको फेर्मी याची पत्नी ज्यू होती; डिसेंबरमध्यें नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठीं स्टॉकहोमला गेलेला हा शास्त्रज्ञ तेथूनच अमेरिकेला निघून गेला. १९२२ च्या त्या पावसाळी सकाळीं राजाच्या हुकुमाची वाट पाहत रोमच्या वेशीवर उभा असलेला जनरल पुल्येझे हाही ज्यूच होता.

या फर्मानांवर सही करतांना राजाचें मन स्वस्थ नव्हतें असें दिसतें. मुसोलिनीचा जांवई आणि परराष्ट्रमंत्री चानो याच्या रोजनिशींत २८ नोव्हेंबर १९३८ ची एक नोंद आहे. त्या दिवशीं मुसोलिनीशीं झालेल्या संभाषणांत राजानें, आपल्याला ज्यूंची अत्यंत दया येते, असें तीनदां बोलून दाखविलें. इटलींत वीस हजार कणाहीन माणसें ज्यूंसाठीं हळहळत आहेत, असें मुसोलिनी म्हणाला, तेव्हां आपण त्या वीस हजारांतलेच एक आहों, असें राजानें उत्तर दिलें. हें संभाषण दुसऱ्या फर्मानानंतर अकरा दिवसांनीं झालें. दया बंद दाराआड राहिली; सही गॅझेटांत छापली गेली. शाळेच्या दारावरून परत पाठविलेल्या मुलाला राजाच्या मनांतली दया कळण्याचा मार्गच नव्हता. त्याच्यापर्यंत पोंचली ती सही.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. घटनात्मक राजानें, किंवा कोणत्याही राज्यप्रमुखानें, पक्षांच्या भांडणांत तोंड घालूं नये हें तत्त्व शहाणपणाचें आहे. तो एका पक्षाचा झाला कीं राष्ट्राचा राहत नाहीं. मंत्री बोलतील, सभागृह वाद करील, आणि राज्यप्रमुखानें गंभीर मौन राखावें, ही रीत अनेक देशांत लोकशाहीला पोषकच ठरली आहे. व्हिक्टर इमॅन्युएलच्या बाजूनें हाच युक्तिवाद वारंवार केला गेला. परंतु या मौनालाही एक पाया असतो. सभागृह बोलण्यास मोकळें असेल, न्यायाधीश निर्भय असेल आणि वर्तमानपत्र उघडें असेल, तर राजाच्या मौनानें कोणाचें नुकसान होत नाहीं, कारण दुसरे पुष्कळजण बोलत असतात. एकेक करून ते सर्व आवाज बंद झाल्यावर जें मौन उरतें, तें निःपक्षपातीपणाचें म्हणतां येत नाहीं. दोन पक्षांमध्यें तटस्थ राहतां येतें. खून करणारा आणि खून झालेला यांच्यामध्यें, किंवा घटना आणि घटनाभंग यांच्यामध्यें, तटस्थ राहण्यासाठीं जागाच नसते. मौन म्हणजे संमति, असें आपल्याकडे पूर्वींपासून म्हणत आले आहेत. व्हिक्टर इमॅन्युएलच्या बाबतींत तर ती संमति शाईनें लिहून दिलेली होती.

या युक्तिवादाचें अखेरचें खंडन राजानें स्वतःच केलें. १० जून १९४० रोजीं इटली हिटलरच्या बाजूनें युद्धांत उतरली. तीन वर्षांनीं आफ्रिका गेली, सिसिलींत शत्रूचें सैन्य उतरलें आणि रोमवर बाँब पडले. २४ जुलै १९४३ च्या रात्रीं फॅसिस्टांच्याच महामंडळानें, सैन्याचें आधिपत्य घटनेच्या पांचव्या कलमाप्रमाणें राजानें परत आपल्याकडे घ्यावें, असा ठराव एकोणीस मतांनीं संमत केला. दुसऱ्या दिवशीं राजानें मुसोलिनीला बोलावून घेतलें, त्याला पदावरून दूर केल्याचें सांगितलें, आणि दाराबाहेर उभ्या केलेल्या रुग्णवाहिकेंत घालून त्याला कैदेंत नेण्यांत आलें. वीस वर्षें अजिंक्य वाटलेली सत्ता एका दुपारीं संपली. नवीन कायदा करावा लागला नाहीं, नवीन अधिकार मागावा लागला नाहीं. जी घटना १९४३ सालीं पुरेशी ठरली, तीच १९२२ सालीं होती, १९२४ सालीं होती आणि १९३८ सालींही होती. मधल्या काळांत अडचण घटनेची नव्हती. बदललें होतें तें एवढेंच कीं, आतां सिंहासन धोक्यांत आलें होतें.

आणि जेव्हां खरोखरच बोलण्याची वेळ आली, तेव्हां राजा पुन्हां गप्प झाला. ८ सप्टेंबर रोजीं दोस्त राष्ट्रांशीं तह झाल्याचें जाहीर झालें. ९ तारखेला पहाटे राजा, राणी, युवराज आणि नवा प्रधान बादोल्यो हे मोटारींतून रोम सोडून गेले आणि एका लढाऊ जहाजांतून दक्षिणेस ब्रिंदिझी बंदरांत पोंचले. मागें राहिलेल्या सैन्याला जर्मनांशीं लढावें कीं शस्त्रें खालीं ठेवावीं याचा स्पष्ट हुकूम कोणीं दिला नाहीं. सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक जर्मनांच्या छावण्यांत कैदी होऊन पडले. १६ ऑक्टोबरला पहाटे जर्मन सैनिकांनीं रोममधील ज्यूंच्या घरांना वेढा घातला. हजारांहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ बायका आणि मुलें, ऑशविट्झला पाठविण्यांत आलीं. त्यांतील सोळाजण जिवंत परत आले. ज्यांचीं नांवें पांच वर्षांपूर्वींच सरकारी दप्तरांत वेगळीं काढून ठेवलेलीं होतीं, अशा एका समाजावर तो दिवस आला होता.

त्या मौनाची झळ राजाच्या घरालाही लागली. त्याची मुलगी माफाल्दा ही बल्गेरियाच्या राजाच्या अंत्यविधीसाठीं गेलेली होती. ती परत येईपर्यंत घरचीं माणसें रोम सोडून गेलीं होतीं. सप्टेंबरच्या अखेरीस जर्मनांनीं तिला पकडलें आणि बुखेनवाल्डच्या छळछावणींत ठेविलें. तेथें १९४४ च्या ऑगस्टमध्यें, छावणीजवळ झालेल्या बाँबहल्ल्यांत जखमी होऊन, ती मरण पावली.

त्याची झळ फार दूरच्या घरांनाही लागली. इटलीच्या डोंगरांतून जर्मनांना मागें रेटण्यासाठीं जीं सैन्यें दोन वर्षें लढलीं, त्यांत हिंदी पलटणी होत्या आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. कोकणांतला नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्यें टायबरच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटा चालून गेला आणि तेथेंच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोच बहुमान शिपाई नामदेव जाधव यानें ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर मिळविला. ज्या टायबरच्या कांठावरून मातेओत्तीला पळविलें, तिच्याच वरच्या अंगाला वीस वर्षांनीं एका मराठी सैनिकाचें रक्त सांडलें.

इटालियन जनतेनें आपला निकाल सावकाश, पण स्पष्ट दिला. ९ मे १९४६ रोजीं राजानें मुलाच्या नांवें गादी सोडली, आपला नाण्यांचा संग्रह राष्ट्राला दिला आणि तो इजिप्तला निघून गेला. २ जूनला लोकमत घेण्यांत आलें. स्त्रियांनींही मतदान केलें. सुमारें १ कोटी २७ लाख मतें प्रजासत्ताकाला आणि १ कोटी ७ लाख मतें राजसत्तेला पडलीं. प्रजासत्ताकाच्या नव्या घटनेवर २७ डिसेंबर १९४७ रोजीं सही झाली. दुसऱ्याच दिवशीं, २८ डिसेंबरला, व्हिक्टर इमॅन्युएल अलेक्झांड्रिया येथें मरण पावला. त्याच्या अस्थि २०१७ सालच्या डिसेंबरमध्यें पीडमाँटमधील एका देवालयांत आणण्यांत आल्या. १९३८ च्या फर्मानांबद्दल त्याच्या घराण्याकडून जाहीर क्षमायाचना झाली ती २०२१ सालीं, त्याच्या पणतूकडून. पणजोबाच्या उदारतेपासून पणतूच्या क्षमायाचनेपर्यंत पाऊणदोनशे वर्षें लोटलीं होतीं.

१९३८ च्या त्या शरदांत मिलानमधील लिलियाना सेग्रे या आठ वर्षांच्या मुलीला, आतां शाळेंत यावयाचें नाहीं, असें सांगण्यांत आलें. १९४४ च्या जानेवारींत तिला मिलानच्या स्टेशनावरून ऑशविट्झला नेण्यांत आलें. तिचा बाप तेथून परतला नाहीं. ती परतली, आणि बरींच वर्षें गप्प राहून मग शाळाशाळांतून आपली हकीकत सांगूं लागली. १९ जानेवारी २०१८ रोजीं, त्या फर्मानांना ऐंशी वर्षें होत असतांना, इटलीचे राष्ट्राध्यक्ष सेर्जो मातारेला यांनीं तिला तहहयात सीनेटर नेमलें. एके काळीं ज्या सीनेटमध्यें राजानें व्होल्तेराला बसविलें होतें, त्याच सभागृहांत राज्यप्रमुखाच्या सहीनें शाळेंतून काढलेली ही मुलगी, नव्या राज्यप्रमुखाच्या सहीनें, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं जाऊन बसली.